रंग चढायची दहा मिनिटं

लाइट गेली आणि शेजारच्या केबिनमधून एक हताश आवाज आला, "गेला… माझा झगा गेला."

मग प्लायवूडच्या पलीकडे कुणीतरी उठलं, कशावर तरी डोकं आपटलं, आणि परत खाली बसलं. मला हसू फुटलं. सायबर कॅफेच्या अंधारात एकट्या मुलीनं मोठ्यानं हसू नये एवढी अक्कल होती, म्हणून ओढणी दातात धरली आणि बाहेर आले.

२००६चा जानेवारी होता. कॉलेज रोडवरच्या यादवकाकांच्या कॅफेत रोज अकराच्या ठोक्याला लोडशेडिंग व्हायचं. इन्व्हर्टर होता, पण तो काकांची ट्यूब आणि काकांचा रेडिओ एवढ्यापुरताच. मग गिऱ्हाइकं बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन उन्हात बसायची. थंडीतलं ते कोवळं ऊन, हातात चहा… खरं सांगायचं तर लाइट गेल्याचं कुणालाच फारसं दुःख नसायचं.

त्या दिवशी पायरीवर एकजण कपाळ चोळत बसला होता. अंगात केशरी टीशर्ट, त्यावर पोपटी पट्टे. मी माणसाआधी त्याचे कपडे बघते, आणि असल्या शर्टाबद्दल माझं मत तिथंच कायम झालं. पण त्यानं मान वर केली… डोळे मात्र शर्टाच्या बाजूचे नव्हते.

"झगा म्हणजे?" मी विचारलं.

"गेममधला," तो ओशाळला. "माझ्या कॅरेक्टरचा. रंगवायला टाकला होता. रंग चढायला दहा मिनिटं लागतात… नववं चालू होतं."

"मग परत रंगवा."

"मी कुठला रंगवतो? सहादूभाऊंनी टाकला होता. त्यांच्यासारखा रंग कुणालाच जमत नाही."

चहा माझ्या घशातच अडकला. कारण सहादूभाऊ मीच होते.

झालं होतं असं, की पहिल्यांदा त्या गेममध्ये मी मुलगीच होते. दोन दिवसांत सतरा जणांनी 'हाय डिअर' केलं आणि तिघांनी लग्नाचं विचारलं. तेव्हा ती मुलगी पुसून टाकली आणि एक धिप्पाड कुऱ्हाडवाला तयार केला. मिशी आजोबांची, नावही आजोबांचंच. त्यानंतर सगळे मला भाऊ म्हणायला लागले आणि माझ्या जिवाला शांतता मिळाली.

लढाईत मी अगदीच सुमार. पण गेममध्ये एका तळ्याकाठी रंगाऱ्याचा चौक होता. तिथं कायम संध्याकाळ असायची, कायम वारा वाहायचा. तिथं आपलं चिलखत, ढाल, झगा यांचं रूप बदलता यायचं. ताकद तीच, दिसणं वेगळं. बाकीचे सगळे आपले काळं आणि लाल करत बसायचे. प्रत्येक कापडाला रंगाचे दोन थर आहेत, एक कापडाचा आणि एक चमकेचा, हे कुणी बघितलंच नव्हतं. मी दोन्हींत वेगवेगळे रंग भरले. झगा वाऱ्यावर हलला की एक रंग लपायचा आणि दुसरा दिसायचा. यात माझी हुशारी काही नाही. येवल्याला आमच्या घरी उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा घेतात, की पैठणीत धूपछाव उतरते. पण तळ्याकाठी माझ्यापुढं रांग लागायला लागली.

"कसे आहेत हे सहादूभाऊ?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पन्नाशीचे असतील. कमी बोलतात. इकडचेच वाटतात मला… त्यांच्याकडं पण अकरालाच लाइट जाते."

"अस्सं," मी म्हणाले आणि ओढणी परत दातात धरली.

त्याचं नाव जीवन. निफाडचा, घरची द्राक्षबाग. गेममध्ये तो थॉमसन नावाचा तिरंदाज होता.

"इंग्रज का?"

"द्राक्षाची जात आहे ती. आमच्याकडं चार एकर थॉमसन आहे, एक एकर काळी. तुम्ही कुठल्या?"

"सुवर्णा. येवल्याची."

"म्हणजे घरी पैठणी?"

"सगळं येवलं काही पैठणी विणत नाही," मी म्हणाले. आणि ते खरंही होतं. फक्त आमचं घर विणत होतं.

त्यानंतर रोजचंच झालं. तो पाच नंबरच्या केबिनला, मी चारला. तळ्याकाठी सहादूभाऊ त्याचं काही ना काही रंगवायला टाकायचे, आणि रंग चढेपर्यंतची दहा मिनिटं कुऱ्हाडवाला आणि तिरंदाज पाण्याकडं बघत बसायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत बोलायचे. एके सकाळी थॉमसननं लिहिलं, "भाऊ, एक विचारू?"

"विचार."

"एक मुलगी आहे."

माझी बोटं कीबोर्डच्या कळांवर तशीच राहिली.

"कोण?"

"इथंच बसते, चार नंबरला. सुवर्णा नाव."

प्रामाणिक मुलगी इथं थांबली असती. मी लिहिलं, "एवढं काय आहे तिच्यात?"

पलीकडं टकटक थांबली. प्लायवूड इतकं पातळ, की त्यानं घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. मग कळा हळूहळू वाजू लागल्या…

"हसू आलं की ती ओढणी दातात धरते, भाऊ. माझ्या शर्टाकडं अशी बघते, की घरी जाऊन बदलून यावंसं वाटतं. परवा द्राक्षं दिली तर एकेक मणी उन्हात धरून बघत बसली, खायचंच विसरली. आणि मी तिच्याकडं बघत बसलो."

मी तोंड भिंतीकडं केलं. कान तापले होते. स्वतःबद्दल असं काही ऐकायची मला सवय नव्हती. आरशानंही मला कधी इतकं निरखलं नसेल.

अकरा वाजता लाइट गेली, आणि हाच मुलगा पायरीवर माझ्याशेजारी येऊन शहाण्यासारखा हवेवर बोलायला लागला.

"आज थंडी जास्त आहे ना?"

"हं."

"शर्ट कसा आहे आजचा?"

"कालच्यापेक्षा बरा."

"काल पण हाच होता."

"मग उन्हाचा फरक असेल," मी म्हणाले. तो मान मागं टाकून हसला, आणि त्याच्या केसांवरून ऊन घरंगळत खाली आलं. तुम्हीचं तू कधी झालं, ते मला आता आठवतही नाही.

आठवड्यानं थॉमसननं सहादूभाऊंना गळ घातली. "भाऊ, झग्याला असा रंग द्या, की तिला बोलावून दाखवता येईल."

मी बराच वेळ विचार केला. म्हणजे केला असं मला वाटलं. खरं तर बोटांनी आधीच ठरवलं होतं. ताणा जांभळा, बाणा राघू. राघू म्हणजे आमच्याकडचा पोपटी हिरवा. ही जोडी मी चौदा वर्षांची असताना जुळवली होती, आणि आमच्या मागाशिवाय ती कुठंही विणली जात नव्हती. माझ्याजवळची सगळ्यात आवडती गोष्ट मी त्याच्या अंगावर घातली.

दहा मिनिटं झाली. झगा वाऱ्यावर उडाला… हिरवा, जांभळा, परत हिरवा.

"भाऊ," त्यानं लिहिलं, "हे तर आमच्या बागेतलं आहे. काळ्या द्राक्षात पाणी उतरायला लागलं की मणी असाच दिसतो. एका बाजूनं हिरवा, एका बाजूनं जांभळा. तुम्ही कधी बघितलं?"

मी नव्हतं बघितलं. पण त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही.

आनंदात एक काटा मात्र होता. माझे अप्पा गिऱ्हाइकासमोर पदर उलटा करून दाखवतात. "हातमागाची ओळखायची तर पालथी करून बघा," म्हणतात, "दोन्ही बाजूंनी सारखी असते." लहानपणापासून ऐकत आले होते. आणि मी? पायरीवर एक मुलगी, तळ्याकाठी मिशीवाला माणूस, आणि एकीच्या गोष्टी दुसरा कान देऊन ऐकतोय. जीवनला कळलं तर त्याचा विश्वासातला माणूसही जाईल आणि चार नंबरची मुलगीही. आणि माझा जीवन जाईल. रोज मी ठरवायची.

"जीवन, एक सांगायचं होतं…"

"सांग ना."

"…तुझ्या बटणाचा दोरा निघालाय."

मग तो यायचाच बंद झाला. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. पाच नंबरला दुसरंच कुणीतरी परीक्षेचे फॉर्म भरत बसायचं. सहादूभाऊ तळ्याकाठी एकटे. लोक रंग मागायचे आणि मी सगळ्यांना काळं आणि लाल करून द्यायची.

दहाव्या दिवशी तो आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. माझ्याकडं न बघता पाच नंबरमध्ये शिरला. थोड्या वेळानं थॉमसन तळ्याकाठी आला. त्याच्या अंगावर मी रंगवलेला नाही, जुनाच भडक केशरी झगा होता.

"भाऊ, बहिणीच्या शालूसाठी येवल्याला गेलो होतो," त्यानं लिहिलं.

मी काही लिहायच्या आत पुढची ओळ आली.

"अकरा दुकानं झाली. मग एकानं विणकराच्या घरीच पाठवलं. मागावर माझा झगा होता, भाऊ. हाच रंग कुठून आणला विचारलं, तर म्हणाले, आमच्या पोरीनं जुळवलाय, दुसरीकडं भेटायचा नाय. ती नाशिकला कॉम्प्युटर शिकते. सुवर्णा."

मग जरा थांबून, "भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. तीच मिशी. खाली सहादू लिहिलेलं."

आणि शेवटी, "त्यांनी पदर पालथा करून दाखवला. दोन्ही बाजूंनी सारखा. तुम्ही आहात का तसे, भाऊ?"

मी 'नाही' लिहिलं. एंटर दाबणार, तेवढ्यात लाइट गेली.

बाकीचे उठून बाहेर गेले. खुर्च्या सरकल्या, दार वाजलं. पाच नंबरची खुर्ची हलली नाही. माझीही नाही.

"नाही," मी अंधारात प्लायवूडला सांगितलं. "नाहीये मी तशी."

मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. "घरी कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून भाऊंना सांगायचो. लय हसली असशील तू."

"एकदाही नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कारण उद्या तू पुढं काय म्हणतोस, ते ऐकायचं असायचं. रोज ठरवायची, आज सांगते. रोज वाटायचं, आजचं एवढं ऐकून घेऊ. मला असं कुणी कधी बघितलं नव्हतं, जीवन. आणि सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "चुकलं माझं. भाऊंनी तुला फसवलं. पण तू मला आवडतोस… ते पायरीवरही खरं होतं आणि तळ्याकाठीही."

बाहेर एक रिक्षा थांबली, गेली. काकांचा रेडिओ बाजारभाव सांगत होता.

मग काउंटरच्या ट्यूबच्या अंधुक उजेडात प्लायवूडवरून एक हात वर आला. हातात स्टीलचा डबा, राघू रंगाच्या चिंधीनं बांधलेला. ती गाठ मी कुठंही ओळखली असती. वरच्या कागदावर अप्पांचं अक्षर होतं, चि. सुवर्णा.

"तुझ्या वडिलांनी दिलाय," तो म्हणाला. "नाशिकला चाललाय तर पोरीला एवढं द्या म्हणाले. तिळाचे लाडू आहेत. तीन दिवस घेऊन फिरतोय. तुला द्यायचा, का हॉस्टेलच्या वॉचमनकडं ठेवून निघून जायचं, ते ठरत नव्हतं."

"मग?"

"मग आज शर्टाला इस्त्री केली."

मी रडत होते की हसत होते, मला कळत नव्हतं. चाचपडत गाठ सोडली आणि एक लाडू प्लायवूडवरून पलीकडं दिला. बोटांना बोटं लागली… आणि लाडू घेऊनही त्याचा हात तिथंच राहिला.

"इकडून म्हणालीस," तो म्हणाला. "तिकडून?"

"तिकडून म्हणजे?"

"तळ्याकाठी. सगळ्यांसमोर."

"अरे, तिथं मी मिशीवाला बाबा आहे."

"ते माझं काम नाही. दोन्ही बाजूंनी सारखं पाहिजे. तुझे वडीलच म्हणाले."

एक वाजता लाइट आली. रंगाऱ्याच्या चौकात वीसेक जण सहादूभाऊंची वाट बघत उभे होते. मी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, तिळाच्या चिकट बोटांनी लिहिलं, "थॉमसन, तू मला आवडतोस."

चौक गपगार झाला. मग एकानं विचारलं, "भाऊ??" दुसऱ्यानं लिहिलं, "तब्येत बरी आहे ना, भाऊ?" तिसऱ्यानं न विचारताच अभिनंदन केलं.

थॉमसननं केशरी झगा उतरवला आणि दुसरा घातला. तळ्यावरून वारा आला… हिरवा, जांभळा, परत हिरवा. सगळ्यांच्या देखत तो कुऱ्हाडवाल्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला पण, भाऊ," त्यानं लिहिलं.

"चार आणि पाच नंबर," काउंटरवरून यादवकाका म्हणाले, "खिदळायचं असेल तर बाहेर पायरीवर."

आम्ही दोघंही उठलो नाही. त्याच्या बाजूनं प्लायवूडवर हळूच टकटक झाली. मी माझ्या बाजूनं तशीच टकटक केली.