अर्धे पैसे खारबावला

या, असे जवळ सरून बसा. गारठा आहे, अंगावर काही ओढून घ्या. राहनाळच्या केसरीनाथांची गोष्ट सांगतो. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण खरं काय ते कळल्याशिवाय उठू देणार नाही, हा माझा शब्द.

दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी. भिवंडीत कापडाच्या एका दुकानावर हेमाली पाटीलची दोन खोल्यांची कचेरी होती. बँकेतली नोकरी सोडून तिने खासगी तपासाचं काम धरलं होतं. हाताखाली महादू. एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, राहणारा राहनाळचा, गावच्या भजनात टाळ धरणारा. भोळा माणूस. कुणी खोटं बोललं की त्याला आधी वाईट वाटायचं, संशय मागाहून यायचा.

त्या दुपारी जिना चढून आलेल्या मनालीला तो लहानपणापासून ओळखत होता. तिचे वडील केसरीनाथ त्याच्याच शेजारी बसून हरिपाठ म्हणत. गावचा हरिनामाचा सप्ता संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या गोदामामागे, पडीक विहिरीत त्यांचं प्रेत सापडलं होतं. पोलिसांनी पाय घसरला असं लिहून कागद मिटवले.

"मॅडम, बाबांकडे एका कंपनीचे जुने शेअर होते," मनाली म्हणाली. "गिरणीत असताना घेतलेले. वाढत वाढत लाखांत गेले होते. वारसाचं नाव लावायला कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की मागच्या वर्षीच विकले गेलेत. सही बाबांचीच."

"आणखी?"

मनालीने पासबुक पुढे सरकवलं. "बाबा वर्षातून दोनदा खारबावच्या कुणा रंगूबाईला पैसे धाडायचे. गाव म्हणतं, ठेवलेली होती. शेवटी घरातून निघाले तेही खारबावला जातो म्हणूनच. त्या बाईनेच लुबाडलं आणि त्यांचा घात केला, असं मनोजदादा म्हणतो. ती तेराव्याला आली होती. मी माझ्या हाताने दार लावलं." तिने पासबुकावर हात ठेवला. "मॅडम, पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. माझे बाबा तसे होते का, तेवढं सांगा."

मनोज म्हणजे केसरीनाथांचा सख्खा पुतण्या. लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढलेला.

हेमालीने पासबुक चाळलं. "कंपनीच्या लाभांशाचे पैसे जमा झाले, की आठवड्याच्या आत निम्मे खारबावला. दर वेळी बरोबर निम्मे."

"जीव असला म्हणजे माणूस निम्मं देतोच की, ताई," महादू म्हणाला.

"जीव असला तर कधी जास्त देईल, कधी विसरेल. इतका चोख हिशेब कुणी जिवाच्या माणसाशी ठेवतं का, काका?"

महादूला काही उलगडलं नाही.

हेमाली आणि महादू आधी गेले ते ज्याने शेअर विकले त्या भाविककडे. मंडईजवळ त्याचं शेअर दलालीचं दुकान होतं.

"मला यात ओढू नका," भाविक म्हणाला. "मनोजभाई काकांना घेऊन आला होता. शेअर कंप्युटरवर चढवायचे होते. काका मला दोनदा बोलले, पोरा, नुसते चढवायचेत, विकायचे न्हायत. नंतर मनोजभाई विकायचा कागद घेऊन आला, काकांच्या सहीचा. मी विकले. चेक गेला काका-पुतण्याच्या जोडखात्यात."

"केसरीनाथांना विचारलं नाहीत?"

"सही होती ना. धंद्यात सही बघतात मॅडम, तोंड नाही."

"केसरीनाथ पुन्हा आले होते?"

भाविकने पंख्याकडे पाहिलं. "सप्ता बसायच्या आदल्या दिवशी. विकले गेले म्हटल्यावर उठलेच. पाणी पुढे केलं, ते तसंच ठेवून गेले."

बाहेर पडताच महादू कुजबुजला, "हाच चोर, ताई."

"हा आळशी आहे, काका. चोर असता तर हे शेवटचं बोलला नसता."

खारबावला रंगूबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. डोळे अधू, बोटांनीच चाचपून निवडत होती. भिंतीवर एक जुना फोटो होता. गिरणीच्या दाराशी दोन तरुण, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले.

"यो माजा राघो. आनि यो केसरीदादा. एका खात्यात कामाला, एका डब्यात जेवायला. राघोला सही येत न्हवती. पगार घेताना दादा बाजूला उभा ऱ्हायचा, कोनी फसवू नये म्हनून."

"मग ते पैसे कशाचे, आजी?"

तिचा हात थांबला. "ज्या दारातना मला हाकलली, त्या दाराला मी काय एक सांगनार न्हाय."

"सप्त्यात दादा इकडे आले होते?"

"न्हाय. आला असता तर जेवून गेला असता. जिता ऱ्हायला असता."

परतताना रिक्षात महादूला उगाच बोलावंसं वाटलं. मन जड झालं की तो सप्त्याच्या गोष्टी काढायचा.

"यंदाचा सप्ता पहिल्या दिवसापासून बिनसला ताई. मी मंडपात निघालो, तर केसरीनाथ भेटले. म्हणाले, खारबावला जाऊन येतो, रंगूला तोंड दाखवायला हवं. त्याआधी मनोजशी दोन शब्द बोलतो. ते गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी मनोजचा वीणेचा पहारा, गळ्यात वीणा घेऊन मंडपात उभं राहायची पाळी. दर वर्षी उभा राहायचा, यंदा म्हणे मनगट लचकलं. आम्ही माणूस शोधत फिरतोय, आणि हा बाहेर टेम्पोतून भाजीच्या गोण्या उतरवतोय. आत काही आला नाही. कीर्तनाच्या बुवांच्या पायांनाही शिवला नाही, रस्त्यावरूनच हात जोडले. म्हटलं, नवा टेम्पो आला, पोरगं मातलं."

हेमालीने रिक्षा थांबवायला सांगितली. "मागे घ्या. राहनाळला."

मनोज त्याच विहिरीजवळच्या गोदामावर सुपरवायझर होता. नवा टेम्पो पुसत उभा होता. त्याने खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला.

"काकाच बोलला, विक म्हनून. पैसं काढून त्या बाईला दिलं असतील. माज्याकडं काय हाय? टेम्पो कर्जावर घेतला."

"तुमचं घर खचलं असेल," हेमाली म्हणाली. "एकामागून एक तर नाही ना झालं? भाऊकीत याआधी कुणी गेलं होतं?"

"न्हाय ताई. तीन वरसांत काकाच पयला."

हेमालीने चहा संपवला आणि आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथांच्या घरी सगळे जमले. मनाली, मनोज, भाविक. महादू रंगूबाईची समजूत काढून तिला हात धरून घेऊन आला, तेव्हा मनोजची भुवई चढली. दाराशी पोलीस चौकीचा हवालदार उभा होता.

"मनाली, तुझा प्रश्न आधी," हेमाली म्हणाली. "तुझ्या बाबांनी शेअर एकट्याच्या पैशाने घेतले नव्हते. निम्मे पैसे राघोचे होते. राघोला सही येत नव्हती, म्हणून नाव केसरीनाथांचं. राघो गेला, कागद काही नव्हता, साक्षीदार नव्हता. तरी कंपनीकडून जे येई त्यातलं निम्मं त्याच्या बायकोला पोचत राहिलं. ते दान नव्हतं, वाटणी होती. आजी, बरोबर?"

रंगूबाईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मनाली खाली बघत राहिली.

"शेअर विकले गेल्याचं कळलं तेव्हा केसरीनाथांना आपलं गेल्याचं दुःख नव्हतं. दुसऱ्याची ठेव आपल्या घरातून गेली होती. म्हणून खारबावला जायला निघाले. त्याआधी मनोजला गाठायचं होतं. गाव समजत होतं, ते खारबावला गेलेत. सप्ताभर सगळे तसंच समजून होते. एक माणूस सोडून."

"कोन?" मनोजने विचारलं.

"मनगट लचकलं होतं ना, मनोजभाऊ? गोण्या कशा उतरवल्या?" ती बोटांवर मोजू लागली. "वीणेला हात लावला नाहीत. मंडपात पाऊल टाकलं नाहीत. बुवांना लांबून नमस्कार. हे दुखऱ्या हाताचं लक्षण नाही. सुतक पाळणाऱ्या माणसाचं आहे. तुमच्या भाऊकीत तीन वर्षांत काकांशिवाय कुणी गेलं नाही, हे काल तुम्हीच सांगितलंत. प्रेत तर सप्ता उठल्यावर सापडलं. मग पहिल्या दिवसानंतर तुम्ही सुतक धरलंत ते कुणाचं?"

महादूला आता उमगलं. एका माणसाचं सुतक दोनदा पाळलं गेलं होतं, आणि पहिलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मनोज खाली बसला. 

"मी ढकलला न्हाय," तो म्हणाला. "चढवायच्या कागदांत विकायचा कागद घालून सही घेतली, ती मीच. काका बोलला, रंगूकडं चल, पाया पड, टेम्पो विक. माजी गचांडी धरली. मी हात झटकला, तो मागच्या मागं विहिरीत गेला. आत कपार धरून होता. हाका मारीत होता."

"मग काढलं का नाहीस?" मनालीचा आवाज इतका बारीक होता की हवालदारही पुढे वाकला.

"बाहेर आला तर सगल्यांना सांगनार होता. मंडपात कीर्तन चालू होतं. भोंगा मोठा होता. कुनाला ऐकू गेलं न्हाय. मग... मग थांबलं."

"आणि दुसऱ्या दिवशी वीणा धरवेना," हेमाली म्हणाली.

"देवाला कसा शिवू, ताई? सुतक होतं."

 त्या संध्याकाळी महादू मंडपात पहिल्या रांगेत होता. बुवा रंगात आले होते, आणि टाळ अजून जोरात वाजवा म्हणून पोरांना सांगणारा तोच होता.

हवालदार मनोजला घेऊन गेला. टेम्पो जप्त होईल, त्यातून काय हाती लागेल ते लागेल, असं हेमाली म्हणाली. मनाली रंगूबाईसमोर जाऊन बसली.

"जे येईल त्यातलं निम्मं तुमचं, आजी. बाबा असते तर..."

"पैशाचं ऱ्हाऊ दे, पोरी. गावात सांग, माज्यामुळं तो गेला न्हाय."

मनालीने तिला उठवलं आणि हाताला धरून भर उन्हात, आळीच्या मधोमध चालवत देवळापर्यंत नेलं. ओट्याओट्यावर माणसं उभी राहिली.  महादू मागून चालत होता आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडात नाम येत नव्हतं.

झाली गोष्ट. आता एकच मागणं आहे. कधी कीर्तनाला बसाल, गजर टिपेला जाईल, तेव्हा क्षणभर टाळ खाली ठेवा आणि बाहेरच्या अंधाराकडे कान द्या. मित्राची ठेव जपणाऱ्या केसरीनाथांची तेवढी आठवण असू द्या.