गोष्टीच्या तासाचं कासव

“आमचं कासव चोरीला गेलंय,” ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसल्या.

भावोजींनी चहाचा कप खाली ठेवला. “कासवच ना? मग फार लांब गेलं नसेल.”

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भावोजींनी कप पुन्हा तोंडाला लावला.

शिंप्याच्या दुकानावरच्या त्या एका खोलीत वहिनी खासगी तपासाचं काम करत. नोकरीतून मोकळे झाल्यापासून धाकटे दीर त्यांच्या मदतीला येत. एखाद्याचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय त्याला चोर म्हणायचं नाही, हा वहिनींचा नेम. त्यानं तोंड उघडायच्या आधीच त्याला चोर म्हणायचं, ही भावोजींची सवय. दोघांचं छान जमत असे.

“कापडाचं आहे हो, आत हात घालून हलवायचं,” ग्रंथपालबाई सांगू लागल्या. “आमचं वाचकमित्र मंडळ आहे ना, त्यातल्या मावशी मुलांना गोष्टी सांगतात. त्यांच्या मांडीवर ते बसतं. आज पाचला मुलं येतील आणि कासव नाही! मावशींनी बुद्धिबळवाल्या आजोबांचं नाव घेतलंय. म्हणतात, पाचच्या आत यांना मंडळातून काढा, नाहीतर मी चालले.”

“मग काढा की,” भावोजी म्हणाले.

“अहो, ते एकटे राहतात. वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेले असतात. त्यांना नका येऊ म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

वहिनींनी पायात चपला सरकवल्या.

वाचनालयाचं दार सताड उघडं होतं. आत शिरताना भावोजी उंबऱ्याशीच कळवळले.

“आई गं! हे काय लोढणं ठेवलंय वाटेत?”

दाराला लोखंडाचा मूठवाला ठोकळा लावलेला होता. भावोजी अंगठा धरून एका पायावर नाचत असताना वहिनींनी वाकून ठोकळा कलता केला. त्याच्या बुडाला वाळलेली खळ आणि कागदाचे कपटे चिकटले होते. त्यांनी तो होता तसा ठेवला.

“लागलं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आधी ठोकळ्याची चौकशी केलीत, वहिनी.”

दाराशीच जुन्या पुस्तकांची विक्री मांडलेली होती. विक्री सांभाळणाऱ्या काकू खोके उचलता उचलता बोलत होत्या. थांबायचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

“मला विचाराल तर गेलं ते बरं झालं! गोष्ट संपली की ती पोरं माझ्या पुस्तकांवर तुटून पडतात. पण मी नाही हो घेतलं. मी सकाळपासून खोके वाहतेय. दार सारखं पाठीत बसत होतं, शेवटी आतून काहीतरी जड आणून लावलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. आणि आजोबांचं म्हणाल तर...” त्यांनी आवाज खाली आणला. “परवा मला विचारत होते, त्या कासवाचं डोकं केवढं असेल हो? आता सांगा, कशाला हवं यांना डोकं?”

“ठरलं!” भावोजी वहिनींच्या कानाशी पुटपुटले.

“अजून दोघं-तिघं राहिलेत, भावोजी.”

आतल्या दालनात गोष्टीच्या मावशी रिकामी मांडी घेऊन बसल्या होत्या. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता.

“माझं कासव गुणी आहे. गोष्ट संपली की डोकं, शेपूट, चारही पाय आत ओढून झोपतं. मी ते या मुलांच्या उशांवर ठेवून जाते. पुढच्या वेळी सगळ्या मुलांनी मिळून हाक मारली की डोकं बाहेर काढतं. आता हाका कुणाला मारायच्या?”

“रंग कोणता?”

“मातकट. आणि वजनदार हं! बुडाशी वाळूची पिशवी शिवलीये, नाहीतर कलंडतं. तास संपेपर्यंत माझी मांडी बधिर होते. पण त्या माणसाला मुलांच्या हाकांचा त्रास होतो ना! मागच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले, एक दिवस तुमच्या कासवाला पटावरून उठवतो. उठवलं!”

दालनाच्या दुसऱ्या टोकाला बुद्धिबळवाले आजोबा पट मांडून एकटेच बसले होते. शेजारी टम्म फुगलेली कापडी पिशवी होती. वहिनी जवळ येताच त्यांनी ती मांडीवर ओढली. त्यांच्या बाहीला हिरव्या लोकरीचा एक धागा लोंबत होता.

“मी रागाच्या भरात बोललो,” ते म्हणाले. “हत्ती जात होता हो माझा! आणि नेमकी तेव्हाच ती पोरं किंचाळली. पण कासव मी घेतलं नाही.”

“पिशवीत काय आहे?” भावोजींनी हात पुढे केला.

आजोबांनी पिशवी छातीशी कवटाळली. “माझं खासगी आहे.”

“कासवसुद्धा कुणाचं तरी खासगीच आहे!”

“भावोजी,” वहिनी हळूच म्हणाल्या, “पाणी पिऊन या बरं.”

पाणी आतल्या खोलीत होतं. तिथे फाटक्या पुस्तकांची डागडुजी करणारे काका दोऱ्याला मेण लावत बसले होते. मंडळात ते नवेच होते. सकाळी येत, दुपारी घरी जात. आज या चौकशीपायी अडकून पडल्यामुळे वैतागलेले होते. टेबलावर टॉवेलखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं.

“त्याला हात लावू नका!” भावोजींनी पेला टेकवताच ते ओरडले. “खळ ओली आहे. संध्याकाळपर्यंत दाबाखाली राहिलं पाहिजे, नाहीतर पुस्तक पोट फुगल्यासारखं वाळतं.”

मागोमाग वहिनी आल्या. “काका, कापडाचं कासव पाहिलंत का कुठे?”

“सगळे तेच विचारतायत. डोकं-पाय असलेलं काहीही माझ्या नजरेस पडलेलं नाही, अगदी शपथेवर सांगतो.”

“तुम्ही गोष्टीच्या तासाला कधी बसलात?”

“मी? छे. तोवर मी घरी झोपलेला असतो.”

वहिनींनी मान हलवली. “भावोजी, सगळ्यांना इथेच बोलवा.”

पाच वाजत आले होते. बाहेर मुलांचा कलकलाट सुरू झाला होता. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मावशी आणि आजोबा यांनी मध्ये ग्रंथपालबाईंना भिंतीसारखं उभं केलं होतं.

“मी सांगू?” भावोजींना राहवेना. “बोलण्यात धमकी आहे, डोक्याचं माप आहे, पिशवी आहे. अजून काय पाहिजे?”

“कासव पाहिजे,” वहिनी म्हणाल्या. “भावोजी, कपाट चोरायचं असेल तर तुम्ही काय मोजाल? कपाट की त्याची मूठ?”

“कपाट.”

“मग पिशवीत अख्खं कासव मावतं का ते बघायचं सोडून आजोबा नुसतं डोकं कशाला मोजतील? डोक्याचं माप एकाच कामाला लागतं. बाहीला लोकरीचा धागाही आहे. पण त्यांचं खासगी ते आपण होऊन दाखवतील. आपण दाराकडे वळू.”

“माझ्या अंगठ्याकडे?”

“हो, तुमच्या अंगठ्यानंच तर वाट दाखवली. दाराला लावलेल्या ठोकळ्याच्या बुडाला खळ आहे, कागद आहे. विक्रीच्या टेबलावर खळ कुठून येणार? काकू, तुम्ही तो याच खोलीतून नेलात ना?”

विक्रीच्या काकूंच्या तोंडाचा पट्टा पहिल्यांदाच थांबला. “कोपऱ्यात पडला होता हो. कुणाचा आहे ते...”

“माझा होता!” डागडुजीचे काका उसळले. “पुस्तक दाबायचा! खळ लावून वळतो तर जागेवर नाही. हातातलं काम वाळत चाललेलं!”

“मग आता टॉवेलखाली पुस्तकावर काय आहे, काका?”

“उशी आहे की. त्या दालनातली. मातकट रंगाची, चांगली जड. मला तर वाटलं देवानंच पाठवली.”

मग मावशींनीच टॉवेल उचलला.

दोन फळ्यांमध्ये एक जाडजूड पुस्तक सरळ, शहाण्यासारखं पडलं होतं. त्यावर डोकं, शेपूट, चारही पाय आत घेऊन कासव गाढ झोपलं होतं.

“काका खोटं बोलले नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “गोष्टीचा तास त्यांनी पाहिलेला नाही आणि झोपलेल्या कासवाला ना डोकं दिसतं ना पाय. काकूंनी वजन उचललं, काकांनी त्याला बदली शोधली. सगळ्यांचे हात मंडळाच्याच कामात होते.”

“म्हणजे माझं कासव दिवसभर नोकरी करत होतं!” मावशी म्हणाल्या. त्या हसल्या आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. ग्रंथपालबाई हळूच बाजूला सरकल्या.

“मी फार बोलले,” मावशी आजोबांना म्हणाल्या. “सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखतच सांगते. चुकलं माझं.”

आजोबांनी खाकरल्यासारखं केलं, पिशवीत हात घातला आणि लोकरीच्या गुंड्यांखालून एक एवढीशी हिरवी टोपी काढली. तिला गोंडाही होता.

“मी बोलून गेलो, मग झोप लागेना,” ते टोपीकडेच बघत म्हणाले. “बायको गेल्यावर तिच्या सुया पडून होत्या. त्यांवरच विणायला शिकलो जरा. माप अंदाजानं घेतलंय, बसेल का नाही कोण जाणे.”

“बघू या की,” मावशी म्हणाल्या. “पण ते असं डोकं बाहेर काढायचं नाही. हाक मारावी लागते.”

दालनात मुलं उशांवर बसली. मावशींनी कासव मांडीवर घेतलं. त्याला अजून खळीचा वास येत होता. सगळ्यांनी हाक मारली. काहीच हललं नाही.

“आज ते दमलंय,” मावशी म्हणाल्या. “एक आवाज कमी पडतोय.” आणि त्यांनी पटाकडे पाहिलं.

आजोबांनी हातातला हत्ती खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि असा काही आवाज दिला की दाराशी काकूंच्या हातातलं खोकं पडलं.

कासवानं डोकं बाहेर काढलं. टोपी बरोबर बसली.

“वहिनी,” बाहेर पडताना भावोजी म्हणाले, “खरं सांगायचं तर मला आधीपासूनच त्या ठोकळ्याचा संश...”

आणि त्यांनी दुसरा अंगठाही त्यावरच आपटला.