चरातल्या ढलप्या

बाळ निळं पडलं आणि घराने सुनेकडे बोट दाखवलं. रक्तात नायट्रेटचा दोष निघाला. तिने दुधात खत कालवलं, असं सासऱ्यांनीच फौजदारांना सांगितलं. बाळ दवाखान्यात सावरत होतं, पण आईला त्याच्याजवळ जायची बंदी होती. संध्याकाळी तिला अटक व्हायची होती.

डॉक्टरांना मात्र हे पटेना. त्यांनी पाणी खात्याच्या तपासनीस बाईंना बोलावलं.

"पावडरचं दूध कशात करायचीस?" बाईंनी सुनेला विचारलं.

"विहिरीच्या पाण्यात. अर्धं आटेपर्यंत उकळून. बाळाला बाधू नये म्हणून." तिचे डोळे रडून सुजले होते.

सासरे सांडपाणी केंद्राचे राखणदार. ते तावातावाने म्हणाले, "विहीर चोख आहे! सांडपाणी आधी लव्हाळ्यांच्या वाफ्यातून जातं, मग झाकलेल्या चरातून, मगच विहिरीजवळच्या तळ्यात मुरतं."

"चरात काय असतं?"

"लाकडाच्या ढलप्या. हवा नसली की तिथले जंतू लाकडावर जगतात आणि सांडपाण्यातल्या नायट्रेटचा वायू करून सोडतात. अख्ख्या गावाला मीच शिकवलंय हे!"

बाईंनी प्यायला पाणी मागितलं. सासरे विहिरीच्या पाण्याने भरलेल्या माठाला वळसा घालून आपल्या खोलीत गेले आणि विकतच्या कॅनमधलं पाणी घेऊन आले.

मागच्या दारी न्हाणीच्या चुलीतून कुबट धूर येत होता. शेजारी काळपट लाकडं वाळत पडली होती.

"नातवाच्या अंघोळीला मी यावरच पाणी तापवत होते," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमचे हेच आणून देतात लाकडं."

बाई केंद्रावर जाऊन आल्या. फौजदार सुनेला न्यायला अंगणात उभेच होते.

"खत कुणी घातलं नाही," बाई म्हणाल्या. "चर उकरला. वर मातीचा थर, खाली नुसती खडी. ढलप्या या चुलीत गेल्या. जंतूंना खायला काही उरलं नाही, नायट्रेट तसंच विहिरीत उतरलं. आत्ताच तपासलं मी. उकळून ते जात नाही; पाणी आटतं तसं आणखी दाट होतं. मोठ्यांना चालून जातं, तान्ह्या बाळाला नाही. पोरीने काळजी घेतली तीच नडली."

"मला काय ठाऊक!" सासरे ओरडले.

"ठाऊक नसतं तर खडी कशाला भरली असती? आणि मला माठातलं पाणी का दिलं नाहीत? बाळ निळं पडताच तुम्ही ओळखलंत. डॉक्टरांना एक शब्द बोलला नाहीत. नोकरी वाचवायला सुनेला पुढे केलंत."

सासऱ्यांनी बाईंपुढे हात जोडले. बाईंना त्यांची कीव आली नाही. फौजदार सासऱ्यांकडे वळले, तशा सासूबाईंनी सुनेचा हात धरला.

"हे म्हातारपणी चुकले गं. पोटात घाल."

"माझी चूक असती, तर तुम्ही पोटात घातली असती?"

सुनेने हात सोडवला आणि ती दवाखान्याकडे चालू लागली.