नांदेडात एक, लातुरात दोन

नांदेडची शाखा बंद करून क्लासची सगळी पोरं लातूरला आणायचं ठरलं, तेव्हा त्यांची माहिती आणायचं काम उज्वलाकडं आलं. काम तसं सरळ होतं. प्रत्येक पोराचं एक डॉक्युमेंट: नाव, गाव, जन्मसाल, फोटो. तयार कोडची एक लायब्ररी होती. ती नांदेडच्या डेटाबेसातून एकेक डॉक्युमेंट उचलायची आणि लातूरच्या रिकाम्या डेटाबेसात ठेवायची. पदरचं एक अक्षर घालायची नाही.

भर दुपार होती. बाहेर रसवंतीपुढं पोरं डोक्यावर वह्या धरून उभी होती. कॉपी संपल्याचा संदेश आला, तरी लातूरचा आकडा वाढतच राहिला. दाणे संपल्यावरही जात्यातून पीठ पडत राहावं, तसा.

तिनं नांदेडच्या शाखेत जेबाला फोन लावला.

"जेबा, तुझ्याकडं काही नावं डबल हायेत का गं?"

"न्हाई बाई. का?"

"इथं दोन-दोन उतरून राहिलेत."

"लातुरात पाणी सोडून सगळं डबल मिळतं, ऐकलं होतं मी!"

उज्वला हसली. मग तिनं जादाची डॉक्युमेंट्स उघडली, आणि हसू ओठांवरच वाळलं. सगळी भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावांची. नाव तेच, गाव तेच. जन्मसाल मात्र त्र्याण्णवच्या आधीचं. त्या गावांत रीतच पडली होती: ढिगाऱ्याखाली गेलेल्याचं नाव घरात पुढं जन्मलेल्या लेकराला द्यायचं. आत्याचं भाचीला, काकाचं पुतण्याला.

उज्वलालाही नाव तसंच मिळालेलं, थोरल्या बहिणीचं. गेली तेव्हा सहा वर्षांची होती ती. घराबरोबर तिचा एकुलता एक फोटोही गेला. आई, सिंधूबाई, हाक मारताना अजून दोनदा मारायची. पहिल्या हाकेला आपण ओ द्यायची नसते, हे उज्वलाला चालायला लागायच्या आधीच उमगलं होतं.

नोकरीवरच्या माणसांची डॉक्युमेंट्स शेवटी होती. त्यांत उज्वलाचं नावही दोनदा होतं.

"जेबा, माझं नाव बघ जरा."

"एकच उज्वला हाय, तीबी डोकं खाऊन राहिली." मग जेबाचा आवाज उतरला. "काय झालं गं? बोल की."

क्लासचे मालक दयानंद सर मागं येऊन उभे होते. "अजून चालूच? नाव-गाव एक म्हणजे माणूस एक. जुन्या जन्मसालाचे सगळे उडवून टाका."

"सर, राहू द्या ना ते."

"पोरं यायच्या आत साफ पाहिजे. न्हाईतर उद्यापासून घरी बसा."

तिनं उडवायची ओळ लिहिली. बोट बटणावर ठेवलं. एकदा उडालं की परत आणायला जागा नव्हती; नांदेडात तर ते नव्हतंच.

निदान तोंड तरी बघावं.

तिनं दुसऱ्या उज्वलाचा फोटो उघडला.

सहा वर्षांची पोर नव्हती ती. तिशीतली बाई होती. कपाळ आईचं. कानामागं एक पांढरा केस.

म्हणजे इतकी वर्षं कुठंतरी दिवस उगवत होते, मावळत होते, आणि ती त्यांच्या उजेडात वाढत होती.

उज्वलाचे हात आपसूक जोडले गेले.

सरांनी फोटोकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा फोटोकडं पाहिलं.

तिनं ती ओळ पुसली. फोटो आईला पाठवला. सोबत एक शब्द लिहिला नाही. मग फोन लावला.

"आई, फोटो मिळाला का?"

"हाव, बघून राहिले."

"ओळखलंस?"

"थोरलीला काय ओळखायचं?" आईचा सुस्कारा ऐकू आला. "पण लई वाळली गं. दिवाळीला आली होती, तवा अशी नव्हती."