पत्र्यावरची थाप

लाइट येईपर्यंत कुठे पळताय? बसगाड्या चार्ज होत नाहीत, म्हणजे तुमचीही सुटका नाही. बसा इथेच. तो मोबाईलचा उजेड तेवढा खाली करा, डोळ्यांत जातोय माझ्या. आणि चहावाला गेला म्हणून तोंडं पाडून बसू नका, माझ्या थर्मासात अर्धा अर्धा घोट निघेल सगळ्यांना.

तुम्ही विचारत होतात ना, सहा नंबरच्या चार्जरला रात्री गाडी लावायला जुने ड्रायव्हर कुरकुर का करतात? आळशी आहेत म्हणून नाही. बरं, आळशीही आहेत. पण कारण ते नाही.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या बाबतीत कधी काही घडत नाही. मी जन्मभर त्या खिडकीत बसून गाड्या आल्या-गेल्याच्या वेळा टिपल्या. हे घडलं सावकाशच्या बाबतीत. खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल. उतरणाऱ्या प्रत्येकाला तो ‘सावकाश, सावकाश’ म्हणायचा आणि गाडीही तशीच चालवायचा, म्हणून सगळे त्याला सावकाश म्हणत. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. गुडघे पार गेलेले. दिवसाची ड्युटी मागितली असती तर मिळाली असती. पण त्याची लेक विजेचं शिकून आपल्याच डेपोत चार्जिंगला लागली होती, आणि तिच्या वाट्याला रात्रपाळी आली. चार्जर सहा आणि गाड्या त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे एक भरली की काढा, दुसरी लावा, असं उजाडेपर्यंत. गाड्या हलवायला रात्री एक माणूस लागतोच. सावकाश म्हणाला, मी करतो. पोर एकटी नको एवढ्या मोठ्या आवारात.

बायको म्हणाली, “दोघंही रात्री बाहेर. मी काय भिंतींशी गप्पा मारू?”

“दिवसा घरीच आहोत की,” सावकाश म्हणाला.

“दिवसा घोरता दोघं.”

तर असा संसार. आता दुसरा माणूस सांगतो, मागचा. तोही तुम्ही पाहिलेला नाही. डिझेलच्या काळात गाडी मागे घेताना मागे एक हेल्पर उभा असायचा. कॅमेरा-बिमेरा काही नाही. तो पत्र्यावर उजव्या तळहाताने थापा मारायचा. थापा चालू, म्हणजे ये, ये, ये. एकच जोरात हाणली की थांब. ड्रायव्हरने आरशात बघायचंही नाही, थाप ऐकायची. आमच्याकडचा हेल्पर सदा मागे, म्हणून त्याचं नावच मागचा पडलं. त्याची थाप वेगळी होती. दोन लगेच लगेच, मग जरा दम, मग पुन्हा दोन. डोळे मिटून सांगावं की मागचाच आहे.

आणि कान असा तिखट की पाठमोरा बसून सांगायचा, कुठली गाडी आली, कुणी आणली, पट्टा घासतोय की नाही. मान वळवायचा नाही कधी. आवारात कुठेही उकिडवा बसायचा, गाडी आली की कानाने कळायचं, मग सरकायचा.

मग या तुमच्या विजेच्या गाड्या आल्या. चांगल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. धूर नाही, माझा खोकला गेला. डिझेलची टाकी उपटून काढली, जळक्या ऑइलने काळी झालेली जमीन खरवडून नवं काँक्रीट केलं. पहिल्याच महिन्यात एका दुपारी मागचा चाकात अडकलेला दगड काढत बसला होता, आणि मागून गाडी आली. आली म्हणजे बाकीच्यांच्या डोळ्यांना आली. त्याच्या कानांना ती आलीच नाही.

मागचा जागीच गेला. दोष कुणाचाच निघाला नाही. जो ड्रायव्हर होता तो नोकरी सोडून गावी गेला. नंतर गाड्यांना मागे घेताना वाजणारी पिपाणी लावली. तिने समोरच्या इमारतीतल्या लोकांची झोपमोड होते अशी तक्रार गेली, म्हणून रात्री दहानंतर पिपाणी बंद. हेल्परची जागा काही भरली नाही. कॅमेरा आहे ना मागे बघायला.

सावकाशला मात्र कॅमेऱ्याचा भरवसा वाटेना. बाप-लेकीने आपला एक नियम ठरवला. लेकीने केबल बाजूला घ्यायची, मग गाडीच्या समोर येऊन दिव्यांच्या झोतात उभं राहायचं आणि हात वर करायचा. तिचं ते हिरवं जॅकेट समोर दिसलं, तरच हा रिव्हर्सला हात लावणार. रोज. एकदाही चुकवलं नव्हतं. लोक हसायचे त्याला. तो म्हणायचा, हसा.

गेल्या वर्षीचा जानेवारी. दुसरा आठवडा, बुधवार उजाडायचा होता. रात्रीचे पावणेतीन.

सलग पाचवी रात्र होती दोघांची. बदली माणूस येणार येणार म्हणत आलाच नव्हता. सावकाशचं अंग मोडून आलेलं, लेकीचे डोळे सुजलेले. पहाटेची पहिली फेरी ज्या गाडीची, ती सहा नंबरला लावायची राहिली होती. सावकाशने गाडी आणून चार्जरच्या पुढे उभी केली, तोंड बाहेर, पाठ चार्जरकडे. तेवढ्यात सहा नंबरचा दिवा लाल झाला.

“ट्रिप झाला,” लेक खिडकीशी येऊन म्हणाली. “मी गेटजवळच्या पॅनेलला जाऊन चालू करते. तुम्ही बसा बाबा. उतरू नका उगीच, गुडघे दुखतात.”

“तू आल्याशिवाय मी हलवत नाही.”

“माहितीये हो,” ती म्हणाली, आणि गेली.

सावकाशने मान मागे टेकली. जरा टेकली, एवढंच. पाच रात्रींचं जागरण ते, दबा धरूनच बसलेलं असतं. त्याचा डोळा लागला.

लेक परत आली. बघते तर बाप झोपलेला, तोंड उघडं, टोपी नाकावर. तिला वाईट वाटलं. पंधरा मिनिटं झोपू दे म्हणाली मनाशी. उठवलं नाही. तीही थकलेली. मागे गेली, केबल हातात घेतली, आणि चार्जरच्या कपाटाला पाठ टेकून खाली कठड्यावर बसली. कपाट ऊबदार असतं, तुम्हाला माहीतच आहे, थंडीत तुम्हीही टेकता. ती बसली, आणि तिचाही डोळा लागला.

दोघंही एकमेकांवर माया करायला गेली बघा. नसती केली तर बरं झालं असतं.

सावकाश दचकून जागा झाला. किती वेळ गेला कळेना. आरशात सहा नंबरचा दिवा हिरवा. म्हणजे लेकीने पॅनेल चालू केलं, अजून तिकडेच आहे, त्याला वाटलं. पहाटेची फेरी डोळ्यांसमोर आली. गाडी रिकामी निघाली तर बोलणी लेकीला बसणार, नोकरी नवी आहे तिची. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. मागचं आवार स्वच्छ, कपाट, दिवा, कुणी नाही. ते चित्र थिजलेलं होतं, तिने पॅनेलकडे जायला पाठ फिरवली तेव्हाचं. ते नंतर कळलं. तेव्हा त्याला एवढंच दिसलं की मागे कुणी नाही.

आणि त्याने नियम मोडला. आयुष्यात एकदा.

गाडी मागे सरकली. आवाज नाही. पिपाणी नाही. टायरखाली बारीक खडी तेवढी चुरचुरली.

मग मागून थाप आली.

थप थप... थप थप...

सावकाश मला म्हणाला, तुला खोटं वाटेल, पण मला भीती नाही वाटली. बरं वाटलं. इतके दिवस एकट्याने त्या पडद्याकडे बघून बघून डोळे शिणले होते. मागे कुणीतरी आहे, तो बघतोय, आता मला बघायची गरज नाही. खांदे सैल पडले त्याचे. अर्धवट झोपेतच म्हणाला, “आलो रे बाबा, आलो.”

थप थप... थप थप...

ये. ये. ये.

तो येत राहिला. पाय ब्रेकवरून उचललेला. हात आपोआप चाक वळवतायत, जसे तीस वर्षं वळवायचे.

थप थप...

ही थाप आपल्या ओळखीची आहे, त्याच्या मनात आलं.

थप थप...

दोन लगेच. मग दम. मग दोन.

आणि आवाज पत्र्याचा होता.

या गाडीला मागे पत्रा नाही. फायबर आहे. फायबरवर हाणलं तर भद्द वाजतं...

तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला.

गाडी थांबली.

थाप थांबली नाही.

थप थप. थप थप. थप थप. आता मध्ये दमही नाही. चिडल्यासारखी. थांबलास का? ये. अजून ये. आहे जागा... ये...

त्याने पडद्याकडे पाहिलं. आवार स्वच्छ. कुणी नाही.

थप थप थप थप...

त्याने हँडब्रेक ओढला. चावी फिरवली. सगळे दिवे गेले.

...

काही नाही.

...

उतरताना गुडघा लचकला, तो त्याला दुसऱ्या दिवशी कळला. गाडीच्या अंगाला हात लावत लावत तो मागे गेला. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला मारणार हाक?

मागे हिरवं जॅकेट दिसलं.

लेक कपाटाला टेकून बसलेली. मान एका बाजूला. मांडीवर केबल. गाडीची पाठ आणि तिचं कपाळ, मध्ये... हा माझा हात बघा. कोपरापासून बोटांपर्यंत. एवढंच.

तो खालीच बसला. गुडघ्यांचं विसरला. तिच्या नाकाशी बोट नेलं. श्वास चालू होता. गाढ झोपली होती, लहानपणी झोपायची तशी. त्याला रडू फुटलं. मला सांगतानाही फुटलं, आणि मी त्याला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं, त्याची आई गेली तेव्हाही नाही.

तिला हलवलं तर उठेना. तीन-चार हाका मारल्यावर डोळे उघडले. “बाबा, काय झालं? लावायची का गाडी?”

“तू इथे का बसलीस?” त्याने एवढंच विचारलं.

“तुम्ही झोपला होतात.”

“थाप ऐकलीस?”

“कसली थाप?”

त्याने सांगितलं नाही. सांगून काय करणार होता? अजून चार गाड्या फिरवायच्या राहिल्या होत्या. तुम्हाला वाटेल, असं झाल्यावर माणूस घरी पळत सुटतो. कुठला पळतो? पहाटे लोक स्टॉपवर उभे राहतात, त्यांना काय सांगायचं? त्या दोघांनी उरलेल्या चारही गाड्या लावल्या. प्रत्येक वेळी लेक समोर झोतात, हात वर, आणि ती पूर्ण दिसेपर्यंत हा पापणीही लववत नव्हता. मागून पुन्हा आवाज आला नाही. उजाडलं तेव्हा दोघांनाही उभं राहवत नव्हतं.

मी सकाळी आलो तर सावकाश माझ्या खिडकीपाशी येऊन उभा. रात्रपाळी नको म्हणाला, मला नको आणि तिलाही नको, लिहून दे वर. मी म्हटलं, अरे झालं काय? तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. मी त्याला म्हटलं, पाच रात्री जागलास, कानात काहीही वाजेल. दमला आहेस, घरी जा, पाठ टेक. तो म्हणाला, असेल. तसंच असेल. आणि गेला. त्याला तसंच वाटायला हवं होतं, मलाही.

घरी दोघं न जेवता झोपली. बायकोने कपडे धुवायला घेतले. दुपारी तिने दोघांना उठवलं. हातात लेकीचं जॅकेट होतं. दोनदा साबण लावला, घासलं, निघत नाही म्हणाली. हे कसलं लावून घेतलंस गं?

डाव्या खांद्यावर काळा डाग होता. जळक्या ऑइलचा. त्या जमिनीत ऑइलचा थेंबही राहिलेला नव्हता, म्हटलं ना तुम्हाला. डाग म्हणजे ओघळ नव्हता. चार बोटं खांद्यावरून पुढे आलेली, आणि पाठीवर अंगठा. घट्ट दाबलेला. मी पाहिलंय ते जॅकेट, माझ्या या डोळ्यांनी. अजून आहे त्यांच्या घरी, टाकवतही नाही आणि घालवतही नाही.

आई म्हणाली, “मागून कुणी धरलं होतं तुला एवढं घट्ट?”

लेकीने डागावर बोट ठेवलं. मग हळू म्हणाली, “आई, मी कपाटाला पाठ लावून बसले होते. माझ्या मागे जागाच नव्हती.”

सावकाशने जॅकेट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, उजव्या खांद्यावर शोधलं. तिथे काही नव्हतं.

ठसा एकाच हाताचा होता. डाव्या. उजवा थापेला मोकळा ठेवलेला.