मिरचीची सालं

वनरक्षक अपेक्षा पिंजरे घेऊन सांगोल्याजवळच्या त्या मळ्यात उतरली. चार दिवस बसून खारी किती मिरची खातात ते टिपायचं, मग त्या धरून माळावर सोडायच्या, असं ठरलं होतं. पण खळ्याभोवती अकरा खारी मरून पडल्या होत्या.

"मॅडम, आदी विषाचं नाव शोधा!" मळ्याचे मालक आबासाहेब धावत आले. "आमच्या सैपाकीण दगडाबाईनं शेंगदाण्याची चटणी कुटून चाखली, राखणदाराचा डबा भरून दिला न् कोसळली. पोरानं दवाखान्यात न्हेलीय. कंचं विष ते कळल्याबिगर डॉक्टरला उपाय करता येईना."

"दाणे कुठले होते?"

"बांधावर सांडलेलं वेचलं असतील. सांडलेला दाणा तिला बघवत न्हाय."

मेलेल्या खारींच्या तोंडातही दाण्यांचाच चुरा होता. अपेक्षाचं डोकं सणकलं.

"विषाचे दाणे तुम्ही घातले?"

"मारायचं असतं तर तुमाला कशाला बोलावलं? तीन पोती मिरची खाल्ली त्यांनी, तरी न्हाय मारलं."

तीन पोती! अपेक्षानं सगळं खळं पालथं घातलं. खार मिरची फोडते, बी खाते आणि साल तिथंच टाकते. इथं सालं जेमतेम ओंजळभर होती.

राखणदार मल्हार लिंबाखाली बसला होता. शेजारी त्याचा डबा. भाकरी संपलेली, चटणी तशीच.

"चटणी नाही खाल्लीस?"

"नको वाटली."

"नको?" आबासाहेब चमकले. "रोज मागून घेतोस की!"

"डबा देताना दगडाबाई काय म्हणाल्या?" अपेक्षानं मल्हारला विचारलं.

मल्हारनं डब्याचं झाकण लावलं.

"मी सांगते. बांधावरच्या दाण्यांची चटणी आहे, असं म्हणाल्या. ते दाणे तूच टाकले होतेस, म्हणून तू शिवला नाहीस. पोती तू विकलीस आणि खारींवर ढकललंस. मी खळ्यावर बसले असते तर खार किती खाते ते दिसलं असतं. म्हणून काल त्या मारल्यास. आता विषाचं नाव सांग!"

मल्हारनं खोपीच्या छपरात खोचलेली विषाची फाटकी पुडी काढली. अपेक्षानं घाईनं डॉक्टरांना फोन लावून नाव वाचलं.

"अरं, चाखल्याबिगर ती कुणाला घास देत न्हाय, ठावं हुतं तुला!" आबासाहेब ओरडले. "तवाच का न्हाय बोललास?"

"चोरी उघडी पडली असती, मालक."

 फोनवर डॉक्टर म्हणाले, "आता उपयोग नाही. बाई पाच मिनिटांपूर्वी गेल्या."

अपेक्षानं आबासाहेबांना तसंच सांगितलं. ते मिरचीच्या ढिगापाशी खाली बसले.