झडपेचा धनी

स्टीमपंकच्या, म्हणजे जुन्या वाफेच्या यंत्रांच्या नादी लागलेल्या मंडळींचं प्रदर्शन शाळेच्या व्यायामशाळेत भरलं होतं. तांब्याचे पंप, चामडी गॉगल, वाफेवर चालणारी घड्याळं. अकरा नंबरच्या टेबलावर ताईने आपल्या थोरल्या भावाने, दादाने, घडवलेला वाफेवर चालणारा पितळी हात मांडला. ताई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. दादा तांबट होता.

तीन वर्षांपूर्वी याच टेबलाशी कृत्रिम हात बनवणारे एक प्राध्यापक दादाला म्हणाले होते, "छान खेळणं आहे." फोटो मात्र चाळीस काढून नेले. वर्षभरात पितळी हातातली दादाची झडप त्यांनी बनवलेल्या कृत्रिम हातात आली. विजेच्या मोटारीला साधेना ते, अंड्याला तडा न जाऊ देता बोटं मिटवणं, त्या जुन्या वाफेच्या युक्तीने साधलं. पेटंट त्या प्राध्यापक सरांच्या नावावर झालं. दादाने हाय खाल्ली, आणि त्यातच तो गेला.

आज सर प्रमुख पाहुणे होते. चारचौघांत त्यांना एकच प्रश्न विचारायचा, एवढंच ताईने ठरवलं होतं. पितळी हाताचा बॉयलर कोरडा होता, विस्तव पेटवलेलाच नव्हता.

"अरे वा, अजून आहे का हे!" सरांनी फोटोसाठी पितळी पंजात हात दिला.

"सर, यातली झडप कोणाची?"

"म्हणजे काय? माझी."

फुस्स आवाज झाला. दाबाचा काटा शून्यावरून हलला. बोटं मिटू लागली.

"बाई, सोडवा."

"कोणाची, सर?"

खोटं कशाला बोला, ताईला बरं वाटत होतं.

"त्याची! तुमच्या भावाची!"

सगळ्यांनी ऐकलं. आता ताईने सुटकेच्या खटक्याला हात घातला.

खटका आधीच पूर्ण उघडा होता.

तिने बॉयलर चाचपला. गार.

बोटं मिटतच राहिली.

चार महिन्यांनी सर तिच्या प्रयोगशाळेत आले. उजव्या मनगटाला त्यांचाच कृत्रिम हात होता. पेटंटवर दादाचं नाव घातल्याचे कागद त्यांनी डाव्या हाताने पुढे केले.

"आता तरी त्याला थांबायला सांगा."

रबरी बोटांनी ताईचा अंगठा अलगद धरला. ती बोटं ऊबदार होती.

"बॅटरी सकाळीच काढून ठेवलीय," सर पुटपुटले.

'दादा, पुरे,' हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते तिने गिळले.

हात तिला सोडून सावकाश वर गेला आणि सरांच्या कॉलरचं सगळ्यात वरचं बटण लावू लागला.

बटण लागलं. बोटं खाली आली नाहीत.